फोर बाय फोरचा पीळ

जुन्या महिंद्रा सीजे-३बी जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन आखूड दांड्या असतात. एका दांडीने पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ जोडता किंवा तोडता येते. दुसरी गाडीला हाय, न्यूट्रल किंवा लो मध्ये नेते. मराठवाड्यात आजही ज्या जुन्या जीपा फिरतात, त्यांतल्या बऱ्याच जीपांमध्ये या दांड्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. काहींच्या दांड्या जाम झालेल्या असतात. काहींच्या हलतात, पण हलवून खाली काहीच घडत नाही, कारण पुढच्या चाकांकडे ओढ नेणारा प्रॉपेलर शाफ्ट केव्हाच सोडवून ठेवलेला असतो. गाडी रोज बाजाराला जाते, माल आणते, लग्नाची वऱ्हाडं पोचवते. ती दोनच चाकांवर ओढली जाते आहे हे मालकाला पहिल्या मोठ्या पावसात कळतं.

ही वेळ का येते, ते समजायला त्या दांड्यांच्या खालची बिडाची पेटी उघडून पाहावी लागते. तिचं नाव ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून आलेली ओढ पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे पाठवणं हे तिचं काम. हे काम दोन तऱ्हांनी करता येतं. पार्ट-टाइम तऱ्हेत गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते आणि गरज पडली की चालक पुढची चाकं जोडतो. फुल-टाइम तऱ्हेत चारही चाकांना कायम ओढ असते. एवढं ऐकलं की फुल-टाइम म्हणजे वरचा वर्ग आणि पार्ट-टाइम म्हणजे काटकसर असा समज होतो. तो चुकीचा आहे. दोन्हींतला खरा फरक गाडी सरळ जाताना दिसतच नाही. तो वळणावर दिसतो.

हा विषय जालन्याच्या माणसासाठी लिहावासा वाटला, कारण जमिनीच्या दोन टोकांच्या तऱ्हा इथे एकाच फेरीत भेटतात. शहरातल्या मस्तगड भागातून गाडी काढली की आधी शहराचा सिमेंटचा रस्ता, मग अंबड, मंठा किंवा भोकरदनकडे जाणारं डांबर. तिथून शेताकडे वळलं की पाणंद आणि काळी माती. या मातीत अर्ध्याहून अधिक भाग चिकणमातीचा असू शकतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. पहिल्या मोठ्या सरीनंतर ती टायरच्या खाचांत बसते, खाचा भरतात, टायर गुळगुळीत होतं आणि पुढे नुसतंच फिरत राहतं. सिमेंट टायरला तसूभर घसरू देत नाही. काळी माती टायरला धरूच देत नाही. ट्रान्सफर केसची जात या दोन टोकांमध्येच ठरते.

आता वळणाकडे येऊ. पाऊस पडून गेल्यावर सपाट, ओल्या मैदानात एक जीप हळूहळू पूर्ण वळवून घ्यावी आणि खाली उतरून ठसे पाहावेत. दोन नव्हे, चार चाकांचे चार वेगवेगळे माग दिसतात. बाहेरच्या चाकाने आतल्यापेक्षा जास्त अंतर काटलेलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक चाकाचा माग आपल्या मागच्या चाकाच्या बाहेरून गेलेला असतो. म्हणजे एकाच वळणात चारही चाकं चार वेगवेगळी अंतरं चालतात. बैलगाडीला याची अडचण कधी आली नाही, कारण तिचं प्रत्येक चाक आसावर सुटं फिरतं, ओढ बैलांची असते. चाकानेच गाडी ओढायची म्हटलं की चाकं एकमेकांना जोडावी लागतात आणि कटकट सुरू होते.

डाव्या-उजव्या चाकांची कटकट एक्सलच्या मध्यावर असलेलं डिफरन्शियल सोडवतं. गॅरेजमध्ये ज्याला हाउसिंग म्हणतात त्या गोल पोटात क्राउन-पिनियनबरोबर ते बसलेलं असतं. पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या फरकाचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. तो किती मोठा आहे याचा हिशेब कुणालाही करता येईल. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपच्या दोन एक्सलमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २.०३ मीटर. तिच्या मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो असं धरू. हा फार आवळून घेतलेला वळसा नाही, जीप याहून लहान जागेत वळते. पायथागोरसच्या नियमाने पुढच्या एक्सलचा मध्य सुमारे ५.४ मीटर त्रिज्येवरून जाईल. अर्धा वळसा संपेपर्यंत मागचा मध्य १५.७ मीटर चाललेला असेल आणि पुढचा जवळपास १७ मीटर. फरक सव्वा मीटरचा. ६.००-१६ चं टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. म्हणजे पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरायचं असतं. एमबीच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ४.८८ होतं, त्या हिशेबाने पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला मागच्यापेक्षा जवळपास पावणेतीन फेरे जास्त हवे असतात. एका अर्ध्या वळशात!

पार्ट-टाइम ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या चाकांची दांडी लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट दातांत दात अडकून एक होतात. दोघांत एका अंशाचाही फरक पडू शकत नाही. मग ते पावणेतीन फेरे जातात कुठे? चिखलात ते टायरखाली जातात. कुठलं तरी चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. चिखलात घसरण फुकट मिळते, म्हणून पार्ट-टाइम गाडी चिखलात सुखाने वळते. सुक्या सिमेंटवर टायर घसरत नाही, तेव्हा तो फरक लोखंडात साठतो. शाफ्टमध्ये, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये, एक्सलच्या दांड्यांमध्ये, ट्रान्सफर केसच्या गिअरांत पीळ बसतो. स्टिअरिंग जड होतं, पुढची चाकं खुरडत चालल्यासारखी वाटतात. ब्रेक लागलाय की काय, असं वाटून चालक ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. पीळ जास्त झाला की कुठलं तरी टायर उसळी मारून सुटतं, नाहीतर सर्वांत अशक्त भाग तुटतो. बहुधा तो क्रॉस असतो, कधी एक्सलची दांडी.

हा पीळ ओळखायची खूण साधी आहे. पुढची दांडी निघता निघत नाही. दातांवर इतका दाब आलेला असतो की ते एकमेकांना सोडत नाहीत. अशा वेळी दांडीवर जोर काढायचा नाही, हातोडीला तर हातही लावायचा नाही. ज्या वळणाने गाडी आली त्याच वळणाने काही मीटर मागे घ्यावी, किंवा एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मातीवर उतरवावीत. पीळ उलगडला की तीच दांडी बोटाच्या धक्क्याने बाहेर येते.

सरळ रस्त्यावरही हा पीळ बसतो, आणि ते फार कमी जणांच्या लक्षात येतं. पुढे नवी टायर आणि मागे झिजलेली असतील, नक्षी ८ मिलीमीटरने कमी झालेली असेल, तर कागदावरच्या हिशेबाने दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये वीसेक मीटरचा फरक पडतो. म्हणजे चाकाचे नऊ-दहा फेरे. चारही टायर एका मापाची आणि साधारण सारखी झिजलेली असणं ही पार्ट-टाइम गाडीची अट आहे. दोन चाकांच्या गाडीत चालणारी हलगर्जी इथे चालत नाही.

एवढी अडचण असताना ही तऱ्हा निवडली का? कारण एमबी जीप युद्धासाठी होती. विलीज आणि फोर्ड मिळून अशा ६ लाखांहून अधिक जीपा झाल्या. त्यांची ट्रान्सफर केस स्पायसर कंपनीची, मॉडेल १८. तिच्यात साखळी नाही, पट्टा नाही, मध्ये डिफरन्शियल नाही. बिडाच्या पेटीत थोडे जाडजूड गिअर आणि सरकणारे दातेरी जोड. रणांगणावर कुणीही शिकाऊ मेकॅनिक ती उघडून बसवू शकेल, अशी. लो मध्ये ती ओढ १.९७ पट करायची. पुढच्या नागरी जीपांमध्ये हे प्रमाण जवळपास अडीचपर्यंत नेलं. युद्धकाळातल्या त्या पेटीत एक शहाणपणाची सोयही होती: पुढचं लावल्याशिवाय लो लागायचंच नाही. लो मधली वाढलेली सगळी ओढ एकट्या मागच्या एक्सलवर पडली तर तो टिकणार नाही, हे ओळखून दोन दांड्यांमध्ये आतून अडसर ठेवला होता.

हीच पेटी मुंबईमार्गे आपल्याकडे आली. महिंद्राने १९४७ मध्ये माझगावात विलीजच्या सुट्या भागांतून जीपा जोडायला सुरुवात केली, पुढे त्या इथेच बनू लागल्या. सीजे-३बी ही जीप अमेरिकेत टोलेडोत १९५३ ते १९६८ बनली आणि तिथे थांबली. महिंद्राने तिला भारतात त्यानंतरही कित्येक वर्षं चालू ठेवलं. तहसीलदार, पोलीस, पाटबंधारे खातं, शेती खातं, सगळ्यांची गाडी हीच. जायकवाडीचा डावा कालवा अंबड-परतूरच्या शिवारातून गेला, त्या काळात सरकारी माणसाचं वाहन म्हटलं की डोळ्यांसमोर जीपच यायची. नंतर एमएम-५४० आली, प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन घेऊन. मूळ विचार पार्ट-टाइमचाच राहिला. मारुती जिप्सी, आजची थार, तीही त्याच घराण्यातली. भारताच्या फोर बाय फोरचा इतिहास बव्हंशी पार्ट-टाइमचा आहे आणि त्यातला मोठा भाग माझगाव, कांदिवली, नाशिक आणि पुण्याच्या कारखान्यांत घडला आहे. महाराष्ट्राने या गोष्टीचा अभिमान धरावा असं मला वाटतं.

जगात मात्र फुल-टाइमचा विचार जीपच्या कितीतरी आधीचा. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये ६० अश्वशक्तीची एक शर्यतीची गाडी बनवली होती, तिच्या चारही चाकांना कायम ओढ होती. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावी एफडब्ल्यूडी कंपनीने मॉडेल बी नावाचा तीन टनी ट्रक काढला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याने तो हजारोंनी वापरला. त्याच्या पेटीत आणखी एक डिफरन्शियल होतं, तेही गरज पडली तर कुलूपबंद करता येणारं. डाव्या-उजव्या चाकांना जी मोकळीक हाउसिंग देतं, तीच मोकळीक हे मधलं डिफरन्शियल पुढच्या-मागच्या शाफ्टना देतं. एक जास्त फिरला तर दुसरा तेवढाच कमी फिरतो. पीळ बसायला जागाच उरत नाही, म्हणून चारही चाकांची ओढ सुक्या रस्त्यावरही चालू ठेवता येते.

१९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरने तिसराच मार्ग काढला होता. तिच्या पुढच्या शाफ्टवर एक फ्रीव्हील बसवलं होतं. सायकलच्या मागच्या चाकात असतं तसंच. वळणावर पुढची चाकं जास्त वेगाने फिरायला लागली की ती आपोआप सुटी व्हायची. युक्ती देखणी होती, पण १९५० पर्यंत कंपनीने ती सोडून दिली आणि लँड रोव्हर पार्ट-टाइम झाली. वीस वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच कंपनीच्या रेंज रोव्हरमध्ये मधलं डिफरन्शियल आलं. कारण मजेदार आहे. मोठ्या व्ही-८ इंजिनाची सगळी ओढ एकट्या मागच्या एक्सलवर टाकायची तर तो फार जाड करावा लागला असता. ओढ दोन्हींत वाटली की दोन्ही एक्सल हलके चालतात. चिखलासाठी म्हणून फुल-टाइम, असा विचार तिथे मुळात नव्हता.

मधल्या डिफरन्शियलचा एक मोठा दोष आहे, आणि तो काळ्या मातीत जीवघेणा ठरतो. डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखीच ओढ देतं, आणि ती किती द्यायची हे सर्वांत कमी पकड असलेली बाजू ठरवते. चार चाकांपैकी एकच चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं की त्याला लागते तेवढीच क्षीण ओढ बाकीच्यांना मिळते. गाडी जागेवर उभी आणि एक चाक भिरभिर फिरतंय. या अवस्थेत फुल-टाइम गाडी दोन चाकांच्या साध्या गाडीहूनही लाचार होऊ शकते. म्हणून जाणत्या कंपन्यांनी मधल्या डिफरन्शियलला कुलूप दिलं. कुलूप लावलं की पेटी पार्ट-टाइमसारखीच वागते, चिखलात तितकीच कामाची आणि सिमेंटवर तितकीच घातक.

हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर अमेरिकेच्या १९७० च्या दशकातल्या पिकअप ट्रकांकडे जावं. तिथे न्यू प्रोसेस गिअर या कंपनीची एनपी-२०५ ही पेटी प्रसिद्ध होती: पार्ट-टाइम, सगळी गिअरांची, बिडाची, दणकट. १९७३ च्या सुमारास शेवरले, डॉज आणि फोर्डच्या ट्रकांत तिच्या जोडीला एनपी-२०३ आली. ही फुल-टाइम, साखळीची, मध्ये डिफरन्शियल असलेली. तिच्या दांडीला पाच जागा होत्या: हाय, हाय लॉक, न्यूट्रल, लो, लो लॉक. ज्याला कुठलीच दांडी हलवायची नाही, बर्फातून मुलांना शाळेत सोडायचं आहे, अशा माणसासाठी ती उत्तम होती. पण १९७३ च्याच शेवटी अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोलची टंचाई झाली. फुल-टाइममध्ये पुढचा शाफ्ट, पुढचं हाउसिंग, साखळी, सगळं कायम फिरत राहतं. त्याचा भार इंधनावर आणि झिजेवर पडतो. हजारो मालकांनी बाजारातून किट आणून मधलं डिफरन्शियल काढलं, त्या जागी सरळ जोड बसवला, पुढच्या चाकांना सुटे होणारे हब लावले आणि आपला फुल-टाइम ट्रक पार्ट-टाइम करून घेतला. १९८० पर्यंत कंपन्यांनीही बहुतेक ट्रकांत पुन्हा पार्ट-टाइम पेट्याच आणल्या.

त्या सुट्या होणाऱ्या हबांचीही जीपशी जोडलेली गोष्ट आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेत सैन्याच्या जीपा स्वस्तात विकल्या गेल्या. रस्त्यावर रोज चालवणाऱ्यांना कळलं की पुढचं न लावताही पुढची चाकं जमिनीवरून फिरताना आतल्या एक्सलच्या दांड्या, क्राउन-पिनियन आणि शाफ्ट फुकटच फिरवत राहतात. आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये हबवर फिरवायची कळ काढली. ती सोडली की चाक एकटं फिरतं, आतलं सगळं शांत राहतं. आपल्या जिप्सींवर आणि जुन्या जीपांवर असे हब दिसतात. त्यांची अडचण एकच, पण ती जागच्या जागी फजिती करणारी: हब सुटे आहेत हे विसरून नुसती दांडी लावली तर पुढची चाकं मेल्यासारखीच राहतात. चिखलात उतरून, गुडघाभर गाऱ्यात बसून हब फिरवावे लागतात.

सुरुवातीला सांगितलेल्या मुक्या दांड्यांचं कारण आता सांगता येतं. एनपी-२०३ सारख्या फुल-टाइम ट्रकाचा पुढचा शाफ्ट काढला तर साध्या हाय मध्ये ट्रक हलतच नाही. मधल्या डिफरन्शियलची मोकळी बाजू गरगर फिरते आणि सगळी ओढ तिकडेच जाते. मालकाला बिघाड त्याच क्षणी कळतो. पार्ट-टाइम जीपचा पुढचा शाफ्ट काढला तर ती आधीसारखीच चालते, थोडी हलकीच वाटते. क्रॉस वाजतोय म्हणून शाफ्ट काढला, 'पुढच्या महिन्यात बसवू' म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवला आणि तो तिथून भंगारात गेला, तरी गाडी तक्रार करत नाही. पार्ट-टाइमचं साधेपण हीच तिची ताकद आणि त्याच साधेपणामुळे तिचं फोर बाय फोर गुपचूप मरतं. माझ्या मते मराठवाड्यातल्या जुन्या जीपांची खरी शोकांतिका ही आहे. चालू स्थितीतली पेटी असताना दर पावसाळ्यात ट्रॅक्टर बोलावून ओढून काढलेल्या गाड्या पाहिल्या की वाईट वाटतं.

तरीही जालन्याच्या शिवारासाठी कुठली जात बरी, असं कुणी विचारलं तर मी पार्ट-टाइमच सांगेन. फुल-टाइमचा फायदा घेण्यासारखे रस्ते इथे कमी. बर्फ नाही, क्षणात पकड देणारा आणि क्षणात सोडणारा ओलसर घाट नाही. वर्षाचे बहुतेक महिने जमीन कोरडी असते, तेव्हा दोन चाकं पुरतात. उरलेल्या दिवसांत काळी माती इतकी निसरडी असते की तिथे मधलं डिफरन्शियल बंदच करावं लागतं, म्हणजे पार्ट-टाइमच लागते. फक्त चालकाने दोन सवयी अंगी लावून घेतल्या पाहिजेत. पुढचं लावायचं ते गाडी पाणंदीत उतरण्याआधी, चाकं सरळ ठेवून. रुतल्यावर दांडी ओढून उपयोग फार कमी होतो, कारण तोवर चाकांनी आपापले खड्डे खणलेले असतात. आणि चाक परत डांबराला लागण्याआधी ते काढायचं. लो मात्र गाडी उभी किंवा अगदी रांगत असतानाच लावावं. महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर पुढचं लावून थोडं अंतर चालवावं, म्हणजे दात, तेल आणि दांडी जिवंत राहतात.

चार चाकं ओढतात म्हणून गाडी कुठेही जाईल, असंही धरू नये. पार्ट-टाइम पेटी पुढचा-मागचा हिशेब पक्का करते; डाव्या-उजव्याचा हिशेब अजून साध्या डिफरन्शियलकडेच असतो. बांध ओलांडताना गाडी तिरपी होऊन पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक हलकं झालं की ती दोन्ही फिरत राहतात आणि फोर बाय फोर जागेवर थांबतं. फोर्स गुरखाला पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलला कुलूप दिलंय ते यासाठीच. जुन्या जीपमध्ये ते नाही, तेव्हा बांध तिरपा न घेता सरळ घ्यावा. ब्रेकलाही फोर बाय फोरचा उपयोग नाही. ओल्या मातीवर चार चाकांनी निघालेली गाडी थांबायला इतर गाड्यांइतकंच अंतर घेते.

सैन्याच्या किंवा सरकारी लिलावातली जुनी जीप घेणाऱ्याने दोन तपासण्या कराव्यात. त्यांना खर्च काहीच नाही. पहिली, खाली वाकून पुढचा शाफ्ट जागेवर आहे का ते पाहणं. दुसरी महत्त्वाची. दोन्ही प्रॉपेलर शाफ्टवर आणि एका पुढच्या, एका मागच्या टायरवर खडूने खूण करावी. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढचं काढलेलं, हब असतील तर जोडलेले. दोघांनी सरळ रेषेत ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजावेत. ५.३८ प्रमाणाचं क्राउन-पिनियन असेल तर शाफ्ट पाच फेरे पूर्ण करून सहाव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं पुढे थांबतो. ४.८८ असेल तर पाचाला थोडा कमी पडतो. आकडा कुठलाही असो, पुढचा आणि मागचा सारखाच यायला हवा.

तो सारखा येत नाही अशा जीपा पुष्कळ आहेत. रस्त्यावर वेग मिळावा म्हणून मागचं क्राउन-पिनियन कधीतरी बदललेलं असतं आणि पुढचं मूळचंच राहिलेलं असतं. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ असेल तर दोघांत दहा टक्क्यांचा फरक. पुढचं लावलं की दर शंभर मीटरला चाकांना दहा मीटर फरफटावं लागतं, तेही सरळ जाताना. चिखल हे काही वेळ सोसतो, पेटी सोसत नाही. अशी गाडी घेतलीच तर पुढच्याला मागच्यासारखं करायचं की मागच्याला पुढच्यासारखं, हे आधी ठरवावं लागतं. रोजची धाव डांबरावर असेल तर पुढे मागच्यासारखं प्रमाण बसवावं. शेतात ओझं ओढायचं असेल तर मागचं मूळ ५.३८ परत आणावं. वेग कमी होतो, पण लो मध्ये गाडी माणसाच्या चालीने ओझं घेऊन वर चढते.

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो, हेही चाक बदलताना ध्यानात ठेवावं. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमधून ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. मधलं डिफरन्शियल असलेल्या आणि शाफ्टवरच हँडब्रेक असलेल्या फुल-टाइम गाडीत तर चारपैकी कुठलंही एक चाक उचललं तरी हेच होतं, म्हणून तिथे जॅक लावण्याआधी मधलं कुलूप लावतात. जीपमध्ये पुढचं लावून ठेवलं की पुढचा शाफ्टही त्याच ब्रेकने धरला जातो आणि जमिनीवर असलेली पुढची दोन चाकं गाडीला थोपवतात. हब सुटे असतील तर हेही होत नाही. त्यामुळे हब जोडायचे, पुढचं लावायचं, जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावायचे आणि मगच जॅक फिरवायचा.